एकवीस दिवसांचा मोबाइल उपवास आणि बाविसावा दिवस

गेल्या श्रावणात आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक संदेश आला. मग तोच बचत गटाच्या ग्रुपवर आला, मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर आला, आणि या आठवड्यात पुन्हा फिरायला लागलाय. मजकूर थोडक्यात असा: २१ दिवस मोबाइलला हात लावू नका, कारण २१ दिवसांत कुठलीही सवय मुळापासून सुटते असं विज्ञान सांगतं. एवढ्या दिवसांत मेंदूत साठलेलं डोपामिन धुऊन निघतं. स्क्रीनचा निळा प्रकाश डोळ्यांचा पडदा जाळतो, म्हणून खास चष्मा घ्या. माणसाचं लक्ष आता ८ सेकंदांवर आलंय, गोल्डफिश माशाहूनही कमी. आणि शेवटची ओळ: ‘ज्याला हे जमत नाही, त्याची इच्छाशक्ती मेलेली आहे.’

माझ्या धाकट्या जावेनं हा उपवास मनापासून केला. फोन बंद करून कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवला. माहेरचा फोन सासूबाईंच्या मोबाइलवर यायचा. बचत गटाच्या हप्त्याची तारीख बदलल्याचं तिला कळलं नाही, दंड पडला, तोही तिनं भरला. २१ दिवस पूर्ण केले. बाविसाव्या दिवशी फोन बाहेर आला आणि त्या रात्री ती एक वाजेपर्यंत रील बघत होती. आठवड्याभरात सगळं होतं तसं झालं. एका सकाळी भाकरी थापताना तिचा हात पिठातच थांबला आणि म्हणाली, “ताई, माझ्यातच काही नाही. मला नाही जमायचं.”

ही बाई बारा महिने पहाटे पावणेपाचला उठून दोन म्हशींची धार काढते. तिच्यात जिद्द नाही, असं तिला वाटायला लावणाऱ्या संदेशात कुठेतरी खोट असणारच, असं मला वाटलं. म्हणून त्यातला एकेक मुद्दा धरून वाचत गेले. जे हाती लागलं ते इथे मांडते.

आधी ते २१ दिवस. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून आला. नाक किंवा चेहरा सुधारून घेतलेल्या माणसाला आरशातलं नवं रूप आपलं वाटायला ‘किमान’ २१ दिवस लागतात, असं त्यांनी आपल्या रुग्णांकडे बघून लिहिलं. तो प्रयोग नव्हता, एका डॉक्टरचं निरीक्षण होतं, आणि सवय सुटण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढे तोंडोतोंडी ‘किमान’ गळालं आणि २१ तेवढे उरले.

खरी मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ती २०१० साली छापून आली. ९६ जणांनी आपापली एक छोटी गोष्ट निवडली, जेवणासोबत एक फळ खाणं किंवा जेवणाआधी थोडं पळणं अशी, आणि ती न आठवता आपोआप व्हायला किती दिवस लागतात ते बघितलं. कुणाला १८ दिवस लागले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट संदेशवाल्यांनी कधीच सांगितली नाही: मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे उपवास मोडला म्हणजे मोडला. सवयीचं तसं नसतं.

हा अभ्यास नवी सवय लागण्याचा आहे, जुनी सुटण्याचा नव्हे, हेही सांगायला हवं. पण फोनबद्दलची नेमकी तुलनाही झालेली आहे. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठात ज्युलिया ब्रायलोव्हस्काया यांच्या गटानं ६१९ जणांचे तीन भाग केले. एका गटानं आठवडाभर स्मार्टफोन पूर्ण सोडला, दुसऱ्यानं रोज एक तास कमी वापरला, तिसऱ्यानं काहीच बदललं नाही. चार महिन्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा पूर्ण सोडणाऱ्यांचा वापर दिवसाला ३८ मिनिटांनी कमी होता आणि एक तास कमी करणाऱ्यांचा ४५ मिनिटांनी. फायदा दोघांनाही झाला. पण कडकडीत उपवास करणारे पुढे नव्हते, आणि टिकाऊ सुधारणा थोडं कमी करणाऱ्यांत जास्त दिसली. जावेला मी हे सांगितलं तेव्हा तिनं दोनदा विचारलं, “म्हणजे सगळा बंद करायची गरजच नव्हती?”

नव्हती. बंद करून चालणारही नव्हतं. डेअरीचा दुधाचा आणि फॅटचा मेसेज त्याच फोनवर येतो, शाळेची सूचना त्यावर, गॅसचा नंबर त्यावर. ज्याच्यावर घर चालतं ती वस्तू २१ दिवस कपाटात ठेवली, तर बाविसाव्या दिवशी ती बाहेर येणारच. आणि बाहेर येते तेव्हा अंथरुणाशेजारचा प्लग तिथेच असतो, रात्रीचा रिकामा वेळ तोच असतो, अंगठ्याची जागाही तीच असते. कपाटात बदललेलं काहीच नसतं.

आता डोपामिन. ते मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन आहे, साठणारा मळ नाही. ते नसेल तर हात उचलता येणार नाही. डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात तेव्हा पार्किन्सन होतो, हात थरथरतात, पाऊल उचलत नाही. त्यामुळे ‘धुऊन काढणं’ होत नाही आणि होऊही नये.

मात्र या मुद्द्याच्या बुडाशी एक खरी गोष्ट आहे आणि ती नीट कळली तर उपयोगी पडते. वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांवर प्रयोग केले. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की डोपामिनच्या या पेशी जोरात चेतायच्या. दिवा लागला की रस मिळतो, हे माकडाला कळल्यावर पेशी रस मिळताना नव्हे, दिवा लागतानाच चेतू लागल्या. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या वेळेला मंदावल्या. म्हणजे खेळ सगळा अपेक्षेचा आहे. ‘काय आलं असेल?’ हे फोनच्या ‘टिंग’ आवाजात आहे. दहा रील सुमार आणि अकरावी पोट धरून हसवणारी, म्हणून बारावी बघितली जाते. त्यात भर म्हणजे या पानांना तळच नाही. खाली सरकवत राहावं आणि नवीन येतच राहावं, ही रचना २००६ साली अझा रास्किन यांनी केली आणि पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. वर्तमानपत्राचं शेवटचं पान येतं, कीर्तनाला पसायदान येतं, मालिकेचा भागही संपतो. इथे ‘आता उठा’ असं सांगणारं काही ठेवलेलंच नाही.

मग फोनवर येणाऱ्या सगळ्या सूचना (नोटिफिकेशन) बंद कराव्यात का? याचंही उत्तर मिळालंय, आणि ते भारतातल्याच लोकांवर केलेल्या प्रयोगातून. निकोलस फिट्झ यांच्या गटानं आपल्याकडच्या २३७ स्मार्टफोनधारकांवर दोन आठवडे केलेला प्रयोग २०१९ साली छापून आला. काहींना सूचना नेहमीसारख्या आल्या, काहींना ठरावीक वेळी एकत्र, काहींना अजिबात नाही. दिवसातून तीनदा एकत्र सूचना मिळणाऱ्यांचं चित्त जास्त ठिकाणावर राहिलं, ताण कमी झाला. ज्यांच्या सगळ्याच बंद केल्या त्यांची धाकधूक वाढली, आपलं काहीतरी सुटतंय असं वाटत राहिलं. जावेच्या हप्त्याच्या तारखेचं तेच झालं होतं की!

निळ्या प्रकाशाचं थोडक्यात सांगते. स्क्रीनच्या प्रकाशानं डोळ्यांचा पडदा जळतो याला पुरावा नाही. उन्हातून त्याच्या कितीतरी पट निळा प्रकाश आपल्या डोळ्यांत जातो. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०२३ साली १७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं दिसलं नाही. डोळे चुरचुरतात ते पापणी मिटायची राहून जाते म्हणून. एकटक बघताना आपण पापण्या फार कमी मिटतो. अधूनमधून दारातून लांबच्या झाडाकडे बघावं. मुलांना दिवसा बाहेर उघड्यावर खेळू द्यावं, त्यानं लवकर चष्मा लागण्याचा धोका कमी होतो. संदेशातल्या त्या खास चष्म्यावर घालायचे पैसे वाचवा.

आणि तो गोल्डफिश. ८ सेकंदांचा आकडा २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या एका अहवालामुळे जगभर पसरला. अहवालानं तो दुसऱ्या एका संकेतस्थळावरून घेतला होता, आणि पत्रकारांनी माग काढला तेव्हा त्यामागे कुठलंही संशोधन सापडलं नाही. माशाची स्मरणशक्तीही बरी असते, महिनोन्‌महिने टिकते. माझी जाऊ हरिनाम सप्ताहात दोन तास मांडी न मोडता कीर्तन ऐकते. लक्ष कुठे गेलेलं नाही. ते खेचून नेणारी वस्तू उशाशी आहे, एवढंच.

राहिली इच्छाशक्ती. याचं उत्तर आमच्या शेजारच्या तालुक्यातच आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात, मोहित्यांच्या वडगावात कोविडनंतर मुलं मोबाइलमधून डोकं वर काढेनात. अभ्यासासाठी म्हणून हाती दिलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना. तेव्हा सरपंच विजय मोहिते होते. १४ ऑगस्ट २०२२ ला गावानं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही आणि मोबाइल बंद, ते साडेआठपर्यंत. सुरुवातीला लोक हसले. बायकांनी ते उचलून धरलं. ग्रामपंचायतीची माणसं, शिक्षक, आशाताई घरोघर फिरल्या, पोरांना पुस्तकांसमोर बसवलं.

वडगावची माणसं आमच्याहून जास्त निग्रही आहेत असं मला वाटत नाही. फरक इतकाच, की त्यांनी कुणा एकट्याच्या निग्रहावर भार टाकला नाही. दीडच तास, रोज तीच वेळ, सगळ्यांनी मिळून, आणि आठवण करून द्यायला भोंगा. शेजारच्या घरातही टीव्ही बंद असला की आपला बंद करायला मन घट्ट करावं लागत नाही.

आम्ही घरात तेवढंच, लहान प्रमाणात केलं. जावेशी बोलता बोलता कळलं की फोन तिच्या उशाशी असायचा तो धारेच्या गजरासाठी. गजर लावायला रात्री हातात घ्यायचा, तिथून रील सुरू. पहाटे गजर बंद करायला घ्यायचा, तिथून पुन्हा स्टेटस. मग सोमवारच्या बाजारातून चावीचं घड्याळ आणलं, आणि सगळ्यांचे चार्जर खोल्यांमधून काढून सोप्यातल्या कोनाड्यात आणले. साडेनऊला घरातले पाचही फोन तिथे. दिरांचा आधी, कारण त्यांचा खोलीत राहिला असता तर तिचा बाहेर राहिला नसता. भावकीचा ग्रुप तिनं दिवसातून दोनदा बघायचा ठरवलाय, त्याचा आवाज बंद. डेअरीचा आणि शाळेचा चालू.

याला आता साडेतीन महिने होतील. गेल्या महिन्यात तिच्या भाच्याचं लग्न होतं, तेव्हा चार रात्री फोन फोटो बघत तिच्या अंथरुणातच होता. पाचव्या रात्री भांडी आवरून ती सोप्यात गेली, फोन कोनाड्यात ठेवला आणि घड्याळाला चावी दिली. मला काही बोलली नाही. मीही काही विचारलं नाही.

हा संदेश तुमच्याकडेही आला असेल. पुढे पाठवायचाच असेल, तर निदान शेवटची ओळ खोडून पाठवा.