पेटीतलं बाळ आणि उशाशी मोबाइल

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चौघींनी पाठवला. त्यातली एक माझी मावसबहीण. तिची सून सध्या एनआयसीयूबाहेरच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या) बाकावर दिवस काढतेय. मेसेजचा आशय असा: अपुऱ्या दिवसांचं बाळ मध्येच श्वास घ्यायला विसरतं, कारण पोटातले ओळखीचे आवाज त्याला मिळत नाहीत. म्हणून पेटीत (बाळाला ऊब देणाऱ्या इनक्युबेटरमध्ये) मोबाइल ठेवून हृदयाचे ठोके, समुद्राची गाज किंवा ओंकार सतत लावा. श्वास आपोआप लयीत येतो, औषध लागत नाही. आणि हो, परदेशात हे सिद्ध झालंय म्हणे.

मी नवजात विभागात १८ वर्षं नर्स आहे. गाण्याशी माझं वैर नाही. पण हा मेसेज वाचून कुणी डॉक्टरांना ‘औषध बंद करा’ म्हणायला लागलं, तर पंचाईत आहे.

‘विसरतं’ हा शब्द आम्हीही वापरतो, कारण मात्र वेगळं सांगतो. श्वासाचा हुकूम मेंदूच्या बुंध्यातून सुटतो, आणि ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळात ती यंत्रणाच कच्ची असते. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की तुमचा-माझा श्वास जोर धरतो; या बाळांचा तसा धरत नाही. श्वास २० सेकंद थांबला, किंवा त्याआधीच ठोके मंदावले, ऑक्सिजन घसरला, तर तो ॲपनिया. आणि पोटात असताना बाळाला ऑक्सिजन मिळत होता नाळेतून, फुप्फुसांतून नव्हे. मग तिथले आवाज ऐकून त्याला नेमकं काय आठवणार?

‘आमच्या बाळाला गुण आला’ हे मात्र लोक मनापासून सांगतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. एकदा रात्री अडीचला मॉनिटर वाजला. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८८, ८२, ७६ टक्के. मी पेटीची खिडकी उघडून तळपायाला बोटानं टिचकी मारली, बाळ दचकलं, श्वास घेतला. काचेपलीकडे बाबांनी त्याच क्षणी मोबाइलवर ओंकार लावला होता. त्यांच्या लेखी बाळ ओंकारानं परतलं. मी वाद घातला नाही, त्या वेळी कोण घालेल? पण बरेच ॲपनिया छोटे असतात आणि आपले आपणच मोडतात. शिवाय बहुतेक बाळांचा हा त्रास (गरोदरपणापासून मोजलेल्या) ३६-३७ आठवड्यांच्या सुमारास, मेंदू पिकला की, थांबतो. त्या मधल्या आठवड्यांत तुम्ही रोज बातम्या लावल्यात, तरी बातम्यांनीच बरं वाटलं असं दिसेल.

आता ‘परदेशात सिद्ध’. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ११ रुग्णालयांतल्या २७२ बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षित संगीत-उपचारक बाळाजवळ बसून, त्याचा श्वास बघत, प्रत्यक्ष वाजवत-गात होते, तेही थोडा वेळ. ठोके, झोप, दूध ओढणं यांत फरक दिसला. मोबाइलचा त्यात संबंधच नव्हता. पुढे २०२३ मध्ये कॉक्रेननं, म्हणजे वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेनं, २५ चाचण्या एकत्र तपासल्या. ठोके थोडे शांत होतात, पण ऑक्सिजन वाढत नाही, श्वासाच्या गतीतही ठोस फरक नाही. मेसेजमध्ये नेमका श्वासाचाच दावा आहे.

अमेरिकेतच एक मजेशीर प्रयोग झालाय: बाळाखालची गादी अगदी सूक्ष्म थरथरवली, तर श्वासातला अनियमितपणा कमी झाला. संशोधकांनी मुद्दाम पाहिलं, की हा गादीच्या आवाजाचा परिणाम तर नाही ना. नव्हता. स्पर्शाचा होता.

औषधाचं म्हणाल तर ते कॅफिन, तुमच्या चहातलंच, पण मोजून: कॅफिन सायट्रेट पहिल्यांदा किलोला २० मिलिग्रॅम, मग रोज ५ ते १०. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन हजारांवर बाळं होती. कॅफिन मिळालेल्यांना फुप्फुसांचा चिवट आजार कमी झाला. हे सोडून ओंकार लावायचा?

आणि ‘सतत’ लावणं तर नकोच. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९७ मध्येच सांगितलंय की एनआयसीयूत आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये. आमचे अलार्म आणि आपटलेली दारंच ती मर्यादा ओलांडतात, त्यात प्लास्टिकच्या पेटीत फोन! टोरांटोत बाळांसाठी विकली जाणारी १४ झोपेची (सतत आवाज करून झोपवणारी) यंत्रं तपासली, निकाल २०१४ मध्ये आला: आवाज पूर्ण वाढवल्यावर ३० सेंटिमीटरवरून सगळी ५० डेसिबलच्या वर, तीन तर ८५च्या वर. घरी पाळण्याला टांगण्याआधी हे लक्षात घ्या.

आईचा आवाज द्यायचाच असेल तर छातीशी घेऊन द्या. कांगारू पद्धतीनं, त्वचेला त्वचा लावून. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत (दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं) जन्मल्याबरोबर असं धरलेल्या कमी वजनाच्या बाळांत २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीत १५.७. तिथे आई गुणगुणली तर छानच.

मावसबहिणीला मी एवढंच लिहिलं: ताई, फोन बाहेर ठेवायला सांग, सुनेला हात धुऊन आत पाठव, आणि कांगारूला बाळ कधी देणार ते सिस्टरला आजच विचारायला लाव.