कुणी कुणाला दिला, हे शोधायचा नाद सोडा
(परदेशातून)

सांगलीच्या आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच विषय निघालाय, लग्नाआधी एचआयव्ही टेस्ट सक्तीची करा. यावेळी दाजींनी भर घातली, तुमच्या अमेरिकेत व्हायरसच्या जीनवरनं कुणाचा कुणाला लागला ते कळतं म्हणे, मग आपल्याकडं पण करा की, बघू कोण कोण सापडतंय. मी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात राहते आणि या तपासाचं जे गाजलेलं गाव, स्कॉट काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) ऑस्टिन, ते इथनं लुईव्हिलला जाताना हायवेलाच लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या काउंटीत 2004 ते 2013 या दहा वर्षांत एचआयव्हीच्या फक्त 5 केसेस होत्या आणि 2015 मध्ये एकदम 180 च्या वर गेल्या. बहुतेक सगळे एक पेनकिलर गोळी विरघळवून टोचून घ्यायचे आणि एकच सुई चार जणांत फिरायची. हा व्हायरस सारखा बदलत असतो, त्यामुळं जुन्या साथीत दोन पेशंटचे व्हायरस एकमेकांपासनं बरेच लांब गेलेले असतात, पण साथ नुकती सुरू झालेली असली की सगळे सख्खी भावंडं असल्यासारखे दिसतात. तिथं 159 जणांचे व्हायरस तपासले, त्यातले 157 अगदी जवळचे निघाले. म्हणजे व्हायरस नुकताच शिरलाय, झपाट्यानं पसरतोय, आज धावपळ केली तर अडवता येईल. एवढं कळणं लाखमोलाचं आहे.

पण दाजी, यातनं कुणी कुणाला दिला ते ठरत नाही हो. दोघांचे व्हायरस सारखे निघाले तरी मधे टेस्टच न झालेला तिसरा कुणी असू शकतो, नाहीतर दोघांनाही त्या तिसऱ्याकडनंच आलेला असू शकतो. उद्या आपल्या जिल्ह्यात कुणाचा व्हायरस कुणाशी जुळतो याचे असले नकाशे निघाले तर लोक काय करतील मला माहितीय, ट्रक ड्रायव्हर, विट्याकडचे बाहेरगावी राहणारे, सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले आणि गोकुळनगरच्या वेश्यावस्तीतल्या बायका, आधी यांच्याकडंच बोट.

आणि इथलं सगळं चांगलंय असं पण नाही. कुठलं औषध लागू पडेल हे बघायला पेशंटच्या व्हायरसची तपासणी होते, तोच रिपोर्ट साथ शोधायला सरकारकडं जातो, पेशंटला वेगळं कुणी विचारत नाही. बऱ्याच राज्यांत जोडीदाराला न सांगणं हा गुन्हा आहे, मग माणूस टेस्टला घाबरणारच ना? आपल्या भारताच्या 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात संमतीशिवाय टेस्ट नाही, यात आपण पुढं आहोत आणि तेच आपण सोडायला निघालोय!

ऑस्टिनची साथ आटोक्यात आली ती टेस्ट, औषधं आणि नव्या सुया वाटल्यामुळं. 2021 मध्ये काउंटीच्या पुढाऱ्यांनी ते सुयांचं केंद्रच बंद करायचं ठरवलं, मला अजून राग येतो. सांगलीत तर संग्राम ही संस्था एचआयव्हीवर 1992 पासनं काम करतीय, तिच्यासोबतच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषद या वेश्यांच्याच संघटनेतल्या बायकांनी स्वतः कंडोम वाटले, एकमेकींना सांभाळलं.

दाजी, मागायचंच असेल तर हे मागा, की नव्या पेशंटला औषध सुरू करतानाच, त्याला विचारून, व्हायरसची जीन तपासणी आपल्या सिव्हिलमधनं फुकट होऊ दे, आणि तो रिपोर्ट पोलिसांच्या आणि सोयरिकीच्या हातात कधीच पडणार नाही असं लेखी द्या.