‘चारा बंद, मका सुरू’ : हा मेसेज कोकरांच्या जिवावर उठणारा आहे

मेंढपाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मथळा आहे ‘तीन महिन्यांत ४० किलोचं कोकरू’. मजकूर थोडक्यात असा : पंधराव्या दिवसापासून कोकराला मक्याचा भरडा आणि पेंड पोटभर घाला, चारा पूर्ण बंद करा, चरायला सोडू नका, कारण जंत चरण्यातूनच होतात, तरीही दर महिन्याला जंताचं औषध बदलून बदलून पाजा, खुराकात चिमूटभर युरिया आणि स्वस्तातलं कोंबडीखाद्य मिसळा, ४५ दिवसांत दूध तोडा, आणि मेंढीवर खर्च करू नका, कारण विकायचं कोकरू असतं, मेंढी नाही.

परवा माझ्या भाच्याने हाच मेसेज मला पाठवला. खाली एक ओळ : ‘मामा, सोमवारपासून चारा बंद करतोय.’ त्याच्याकडे दीड ते अडीच महिन्यांची २२ कोकरं आहेत. त्याला फोन करून थांबवलं. पण ज्यांना थांबवणारं कोणी नाही, त्यांच्या वाड्यात हा प्रयोग सुरूही झाला असेल.

आधी ४० किलोचं गणित बघू, ते दोन मिनिटांत संपतं. दख्खनी कोकरू जन्मतः अडीच-तीन किलोचं असतं. ९० दिवसांत ४० किलो व्हायचं तर रोज ४०० ग्रॅमच्या वर वाढ हवी. एवढी वाढ परदेशातल्या भारी मांसल जातींची कोकरं दाखवतात, तीही आईला भरपूर दूध असेल तर. आपल्या माळावरचं दख्खनी कोकरू नीट सांभाळलं तर रोज १०० ग्रॅमच्या आसपास वाढतं, चांगला खुराक मिळाला तर १२०-१५० ग्रॅम. माडग्याळ जात अंगानेच मोठी, ती याहून पुढे जाते; पण ४०० ग्रॅम तिच्याकडूनही मागू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत एक किलो वजन वाढायला साधारण पाच लिटर दूध लागतं. तेवढं दूध आपल्या मेंढीच्या कासेत नसतं, आणि ती तूट मक्याने भरून काढायला गेलं की पुढचा मुद्दा येतो. या मेसेजमधली सगळ्यात घातक गोष्ट तीच आहे.

‘चारा बंद, मका-पेंड पोटभर.’

यात अर्धं सत्य आहे, ते आधी मान्य करतो. खुराकाने कोकराचं कोठीपोट, म्हणजे चारा आंबवणारा पोटाचा पहिला कप्पा, लवकर घडतं. जन्मतः ते निकामी असतं, दूध थेट चौथ्या कप्प्यात जातं. तिसऱ्या आठवड्यापासून कोकरू दाणा-पाला कुरतडू लागतं. दाणा आंबून जी आम्लं तयार होतात, त्यांनी कोठीपोटाच्या आतले केसांसारखे उंचवटे वाढतात. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण कोठीपोटाचा आकार, त्याच्या भिंतीची ताकद आणि रवंथ या गोष्टी चाऱ्याच्या काडीतूनच येतात. रवंथ केली तर लाळ सुटते आणि लाळेतल्या सोड्याने पोटातलं आम्ल मारलं जातं. चारा काढून घेतला म्हणजे ही सोय काढून घेतली.

वर त्यात बारीक दळलेला मका पोटभर गेला की काय होतं? पिठासारखा भरडा काही तासांत आंबतो, लॅक्टिक आम्ल साठतं, कोठीपोटाची आतली त्वचा भाजल्यासारखी होते. अंगातलं पाणी पोटाकडे ओढलं जातं आणि कोकरू आतून सुकतं. बाहेरून दिसतं ते असं : कोकरू मान टाकून एकटं उभं राहतं, दात खातं, डावी कूस भरलेली, तिथे मूठ दाबून हलवली तर पाण्याच्या पिशवीसारखं डुचमळतं. हगवण पातळ, आंबूस वासाची, त्यात मक्याचे कण. बाधा जास्त असेल तर एक-दोन दिवसांत खेळ संपतो. असं दिसलं तर खुराक लगेच काढा, वाळलेलं गवत समोर टाका, खाण्याचा सोडा किलो वजनाला एक ग्रॅम या हिशेबाने कोमट पाण्यात विरघळवून सावकाश पाजा (१५ किलोच्या कोकराला १५ ग्रॅम) आणि डॉक्टरांना बोलवा. तेल पाजत बसू नका, हे साधं पोटफुगीचं दुखणं नाही.

दुसरा धोका याहून फसवा आहे. न पचलेला स्टार्च लहान आतड्यात उतरला की तिथे आधीपासून असलेले क्लॉस्ट्रिडियमचे जंतू झपाट्याने वाढतात आणि विष सोडतात. हा आंत्रविषार. तो मरतुकड्या कोकराला सहसा होत नाही. कळपातलं सगळ्यात गुबगुबीत, सगळ्यात हावरं कोकरू उचलतो. संध्याकाळी उड्या मारत असलेलं कोकरू सकाळी मान मागे ताणून, पाय झाडत मेलेलं सापडतं. लोक नजर लागली म्हणतात. लागलेला असतो तो एकदम वाढवलेला खुराक, आणि न टोचलेली लस. गाभण मेंढीला विण्याआधी चार ते सहा आठवडे लस टोचली तर चिकातून कोकराला पहिल्या काही आठवड्यांचं संरक्षण मिळतं. पुढे कोकराला स्वतःचे दोन डोस लागतात, पहिल्यानंतर दुसरा साधारण १५ दिवसांनी. पावसाळ्याआधी, कोवळं गवत फुटायच्या आत हे उरकलेलं असावं. पहिल्या वेळी दुसरा डोस चुकवला तर पहिल्याचा भरवसा धरू नका.

मग खुराक द्यायचा कसा? कोकरांसाठी वेगळा कोपरा करा. मेंढी शिरणार नाही आणि कोकरू सहज जाईल अशा बांबूच्या किंवा सळईच्या उभ्या फटी ठेवा, साधारण २० सेंटिमीटर रुंद. गव्हाण जमिनीपासून वीतभर उंच, म्हणजे कोकरं त्यात हगत-मुतत नाहीत. १०० किलो मिश्रणाला मक्याचा जाडसर भरडा ५०, शेंगदाणा पेंड २७, हरभरा किंवा तूर चुनी २०, मेंढीसाठीचं क्षारमिश्रण २ आणि मीठ १ किलो. यातून १८-१९ टक्के प्रथिनं मिळतात. मका पिठासारखा दळू नका, दाण्याचे तीन-चार तुकडे झाले की पुरे. पेंडीला बुरशीचा वास येत असेल तर ती मेंढीलाही घालू नका. तिसऱ्या आठवड्यात कोकरामागे २०-३० ग्रॅम, दीड महिन्याला १००, दोन महिन्यांना १५० ते २००, तीन महिन्यांना २५० ग्रॅम. नंतर विक्रीसाठी वाढवायचा असेल तर दर तीन दिवसांनी ५० ग्रॅमच वाढवा. उरलेला खुराक रोज काढून मेंढ्यांना टाका. ओलसर शिळा खुराक कोकरांसमोर राहू देऊ नका. मात्र रोजच्या कोरड्या खाद्यातला निम्मा भाग तरी चाऱ्याचाच हवा : वाळलेलं गवत, कडब्याची कुट्टी, तुरीचा भुसा, शेवरी-हादग्याचा पाला. सुबाभूळ चालते, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाखाली. जास्त झाली तर लोकर गळते.

‘जंत चरण्यातूनच होतात, म्हणून चरायला सोडू नका.’

जंताची अळी गवतावरून पोटात जाते, हे खरं. बांधून पाळलेल्या कोकरांत जंत कमी असतात, हेही खरं. पण दाटीवाटीच्या ओल्या वाड्यात डांबलेल्या तीन ते आठ आठवड्यांच्या कोकरांना कॉक्सिडिया (आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींचा रोग) होतो, रक्ताची हगवण लागते आणि जगली तरी ती खुरटतात. म्हणजे एक रोग टाळायला दुसरा ओढवून घेतला.

दोष चरण्याचा नाही, रोज त्याच तुकड्यावर चरण्याचा आहे. आपल्याकडचा मुख्य शत्रू हिमोंकस, चौथ्या कप्प्यात बसून रक्त पिणारा लाल-पांढऱ्या पिळाचा जंत. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलि रक्त नेतो. ५०० जंत म्हणजे रोज २५ मिलि, आणि १५ किलोच्या कोकराच्या अंगात रक्त असतं जेमतेम एक लिटर. मादी दिवसाला हजारो अंडी घालते. पावसाळी उबेत लेंडीतल्या अंड्यांतून चार-पाच दिवसांपासून आठवड्याच्या आत बाधा करणारी अळी तयार होते आणि दवाच्या थरातून गवताच्या पात्यावर चढते. बहुतेक अळ्या पात्याच्या खालच्या पाच सेंटिमीटरमध्येच राहतात. या अळीला खाता येत नाही, साठवलेल्या शक्तीवर ती जगते. हवा जितकी उबदार, तितकी ती शक्ती लवकर संपते.

या एका गोष्टीवर सगळं कुरण व्यवस्थापन उभं आहे. १९९४ साली टोंगा बेटांवरच्या शेळ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुरणाचे दहा तुकडे पाडले, प्रत्येकात कळप साडेतीन दिवस, मग त्या तुकड्याला साडेएकतीस दिवस विसावा. एकाच जागी चरणाऱ्या शेळ्यांच्या तुलनेत फिरत्या कळपाच्या लेंडीतली जंतांची अंडी निम्म्याहून कमी भरली आणि औषधही कमी वेळा पाजावं लागलं. साडेतीन दिवसच का? नव्या लेंडीतली अळी तयार व्हायच्या आत कळप पुढे गेला पाहिजे. महिनाभर विसावा का? तोवर उष्ण हवेत बहुतेक अळ्या मरतात. ते शेळ्यांवरचं काम आहे, पण जंत तेच आणि पावसाळी ऊब आपल्यासारखीच. थंड प्रदेशात अळी महिनोन्महिने जगते, तिथे हा हिशेब चालत नाही.

आता हे आपल्या धनगरांच्या रीतीशी ताडून पाहा. दिवाळीच्या सुमाराला वाडे (कळप आणि बिऱ्हाडं) निघतात, एका शेतात दोन-चार रात्री मेंढरं बसवतात, वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) उचलतात आणि पुढच्या शिवारात जातात. त्या जागेवर पुन्हा येतात ते वर्षाने. खतासाठी आणि चाऱ्यासाठी चाललेली ही फिरती जंताचं चक्रही तोडत आली. घात होतो तो कळप बारा महिने गावच्या एकाच गायरानावर राहू लागला की. त्यावर उपाय गोठा नव्हे. माळाचे वाघर किंवा तारेने आठ-दहा तुकडे करा. पावसाळ्यात एका तुकड्यात तीन-चार दिवस, परत यायचं पाच आठवड्यांनी. मारवेल, पवन्यासारखं गवत तोवर पुन्हा फुटलेलं आणि कोवळंच असतं. गवत चार बोटांखाली खाऊ देऊ नका. दव उतरल्यावर, नऊ-साडेनऊनंतर सोडा. नव्या तुकड्यात आधी कोकरं, मागून मेंढ्या, शेवटी गाई-म्हशी; मेंढीच्या बहुतेक अळ्या गाईच्या पोटात मरतात. तळ्या-ओढ्याच्या काठची ओली गवतं टाळा, तिथे गोगलगायींमुळे यकृतातल्या चपट्या कृमींचा धोका. आणि कुसळी गवत पिकलं की त्या तुकड्यातून कोकरं बाहेर काढा. कुसळं कातडीत आणि डोळ्यांत घुसतात.

दिवाळीनंतर मात्र माळावरच्या वाळल्या गवतात तीन-चार टक्केच प्रथिनं उरतात. वाढत्या कोकराला १४-१६ टक्के लागतात. तेव्हा खुराक हवाच. तो चरण्याच्या जोडीला द्यायचा, चरण्याच्या जागी नव्हे.

‘दर महिन्याला औषध, बदलून बदलून.’ अजिबात नको. सगळ्या कळपाला वारंवार औषध पाजलं की औषधाला दाद न देणारे जंतच मागे उरतात, पुढची पिढी त्यांचीच होते आणि दोन-तीन वर्षांत बाटली पाण्यासारखी ठरते. त्यापेक्षा पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी पापणी बघा. कोकराला उजेडाकडे धरा, अंगठ्याने वरची पापणी हलकी दाबा, दुसऱ्या हाताने खालची पापणी ओढा आणि आतला रंग बघा. लाल किंवा गडद गुलाबी असेल तर सोडा. फिकट, पांढरट असेल किंवा जबड्याखाली पाणी उतरून सूज आली असेल तर त्यालाच औषध द्या. डोस वजन करून. अल्बेंडाझोलचं २.५ टक्क्यांचं औषध १५ किलोच्या कोकराला साधारण साडेचार मिलि बसतं. अंदाजाने तीन मिलि पाजलं तर जंत मरत नाहीत, फक्त सवयीचे होतात. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात मेंढीला हे औषध देऊ नका, पोटातल्या गर्भात व्यंग येऊ शकतं.

युरिया तीन महिन्यांखालच्या कोकराला एक चिमूटही नाही. त्याचा उपयोग करणारं कोठीपोट अजून तयार नसतं, अमोनिया रक्तात जातो आणि कोकरू थरथरत मरतं. कोंबडीखाद्यही नाही. मेंढी तांब्याच्या बाबतीत फार नाजूक. कोंबडीला आणि गाईला चालणारं तांबं तिच्या यकृतात महिनोन्महिने साठतं आणि एक दिवस कावीळ, कॉफीसारखी लघवी आणि मृत्यू. क्षारमिश्रणाच्या पिशवीवर ‘मेंढीसाठी’ लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

दूध कधी तोडायचं ते ४५ दिवसांच्या हिशेबावर नाही, कोकराच्या कोरड्या खाण्यावर ठरवा. सलग तीन-चार दिवस २०० ग्रॅमच्या आसपास खुराक आणि सोबत चारा खात असेल तर दोन महिन्यांनी तोडता येतं. नाहीतर ९० दिवस थांबा.

आणि मेंढीवर खर्च नको म्हणणाऱ्याला एवढंच : गर्भाची जवळपास ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या दिवसांत मेंढीला २००-२५० ग्रॅम खुराक मिळाला नाही तर कोकरू दोन किलोचं जन्मतं, चीक कमी पडतो, आणि तीन किलोच्या कोकराला पहिल्या २४ तासांत लागणारा जवळपास ६०० मिलि चीक कुठल्याही मक्याने भरून निघत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक आणून नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. त्या मेंढ्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी हा खुराक तर चुकवूच नये. दोन कोकरं पोटात वाढवताना उपाशी राहिलेली मेंढी विण्याआधीच बसते, आणि मग तिन्ही जीव जातात.