मेदिकाच्या रांगेत कुत्रीही होती

"माणसे बॉम्बखाली मरत असताना ज्यांना मांजरांचा पुळका येतो, त्यांची कीव करावी तेवढी थोडी," असे इचलकरंजीच्या माझ्या एका वर्गमित्राने परवा आमच्या शाळेच्या गटावर लिहिले आणि त्याखाली टाळ्यांच्या चिन्हांची रीघ लागली. निमित्त होते युक्रेनमधील प्राणी वाचवणाऱ्यांच्या एका बातमीचे. २०२२ च्या मार्चमध्ये केरळची एक वैद्यकीय विद्यार्थिनी आपली हस्की कुत्री घेऊन मायदेशी परतली, तेव्हाही असाच सूर लागला होता. मी पोलंडमधल्या पोझनानमध्ये राहतो, ते युद्ध इथून फार लांब नाही, आणि अशा वेळी गप्प बसणे मला जमत नाही.

"आधी माणसे" या म्हणण्याशी माझे भांडण नाही. कुत्र्याला घातलेला तुकडा माणसाच्याच ताटातून काढलेला असतो, या हिशेबाशी आहे. त्या मार्चमध्ये कामावरून सुटल्यावर मी इथल्या मुख्य स्थानकावर मदतीला जात असे. सूपच्या रांगेत एक आजी उभ्या होत्या. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली आणि तिच्यातून करड्या मांजराचे डोके तेवढे बाहेर. एका शाळेच्या व्यायामशाळेत त्यांच्यासाठी खाट तयार होती, पण तिथे मांजर चालणार नाही हे कळताच त्यांनी पिशवी उचलली आणि पुन्हा फलाटाची वाट धरली. मांजराची सोय लागेपर्यंत आजींचीही लागली नाही. पोलंडला हे लवकर उमगले. एरवी ओळखीची चिप, रेबीजची लस आणि कागदपत्रे यांवाचून प्राण्याला सीमा ओलांडता येत नाही, पण युक्रेनच्या सीमेवरच्या मेदिका या पोलिश गावाच्या फाटकातून त्यांना तसेच आत घेतले गेले आणि लस, चिप हे सोपस्कार अलीकडे आल्यावर झाले.

जिथे कोणालाच काही उमगले नाही, तिथे काय झाले ते कीव्हजवळच्या बोरोद्यांका गावात दिसले. तिथल्या निवाऱ्यात ४८५ कुत्री कुलूपबंद पिंजऱ्यांत अन्नपाण्यावाचून पडून राहिली आणि रशियन फौजा हटल्यावर माणसे आत शिरली तेव्हा त्यांतली २२२ मेलेली होती. याउलट खारकीव्हच्या फेल्डमन इकोपार्कमध्ये जनावरांना चारा घालायला गेलेली काही माणसे जिवाला मुकली, तरी उरलेली पुन्हा जात राहिली. हे श्रीमंतांचे चोचले नव्हेत. रानातला लांडगा तोफेचा आवाज ऐकून पळून तरी जातो. पिंजऱ्यातल्या वाघाला ती मुभा माणसानेच ठेवलेली नसते, म्हणून त्याला बाहेर काढणे हे माणसाच्याच अंगावर येते. कीव्हजवळच्या एका आश्रयस्थानातून निघालेले सहा सिंह, सहा वाघ, दोन कॅराकल रानमांजरे आणि एक आफ्रिकी रानकुत्रा, लढाई चुकवत आणि लांबचा वळसा घेत, ३ मार्च २०२२ रोजी आमच्या इथल्या प्राणिसंग्रहालयात पोचले, तेव्हा कोपऱ्यावरच्या ज़ाब्का दुकानाच्या रांगेतही दुसरा विषय नव्हता.

आणि हे सारे मी सांगतो आहे तरी कोणाला? २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णा चढल्या तेव्हा शिरोळ तालुक्यात दाराशी बोट आली तरी गोठ्यातल्या म्हशी सोडून निघायला कित्येक जण तयार नव्हते. माझ्या याच मित्राच्या काकांनी दावी कापून जनावरे पाण्यात सोडली आणि मगच ते बोटीत बसले. त्या वेळी गटावर कोणी कोणाची कीव केली नाही. हे लिहिल्यावर मित्राचे उत्तर आले, "म्हैस दूध देते, मांजर काय देते?" महापुरात काकांनी दुधाचा हिशेब केला असेल असे मला वाटत नाही.

त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी दरवेळी बगल देतो. कुत्री बिनकागदाची सुखरूप पार झाली आणि आपली पोरे मेदिकासमोरच्या युक्रेनच्या शेहिनी नाक्यावर थंडीत अडवली गेली, काहींना मारही बसला, त्याचे काय? पोलंडने भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाविना प्रवेश दिला होता, अडवणूक पलीकडच्या, युक्रेनच्या बाजूची होती, असे मी तत्परतेने सांगतो आणि ते खरेही आहे. भारत सरकारनेही तेव्हा विद्यार्थ्यांच्या पाळीव प्राण्यांसाठी नियम शिथिल केले होते, हे मात्र मी सहसा सांगत नाही, कारण मग भारतातल्यांना नावे ठेवायला जागा उरत नाही.

याशिवाय एक गोष्ट मी गटावर कधीच लिहिलेली नाही. त्याच स्थानकावर काही भारतीय मुलांना वॉर्सोची गाडी दाखवत असताना एका गणवेशधाऱ्याने माझ्याकडे कार्ता पोबितु, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचे कार्ड, मागितले. स्वयंसेवकाचे पिवळे जाकीट माझ्या अंगावर होते आणि शेजारच्या पोलिश स्वयंसेवकांना त्याने काही विचारले नाही. मांजरवाल्या आजी तिथेच बाकावर बसल्या होत्या, त्यांनाही नाही. मी हसून कार्ड काढून दिले. हे लिहिले, तर मित्र म्हणेल, "मग ये की परत," आणि इतकी वर्षे इथे काढल्यावर त्याला काय सांगावे, हे अजून माझे ठरलेले नाही. त्यापेक्षा मांजराची बाजू लढवणे मला सोपे जाते.