‘फक्त इंजिन बदललंय’ हे पटलं नाही

‘ए३२०निओ म्हणजे जुनंच विमान, फक्त इंजिन बदललंय’ हे एअरबसच्या या प्रवासी विमानावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. निओ म्हणजे ‘न्यू इंजिन ऑप्शन’ हे खरं, आणि सांगाडा १९८७ साली पहिल्यांदा उडालेल्या ए३२०चाच, हेही खरं. पण ‘फक्त’ कसं म्हणता? निओला बसणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनात पुढचा फॅन आणि त्याला फिरवणारं टर्बाइन (गरम वायूंच्या झोताने फिरणारं पात्यांचं चाक) यांच्यामध्ये चक्क गिअरबॉक्स आहे. मोठा फॅन सावकाश फिरलेला बरा, टर्बाइन मात्र जोरात फिरलं तरच नीट काम करतं. पूर्वी दोघं एकाच दांड्यावर, म्हणजे दोघांचीही ओढाताण. आता फॅन टर्बाइनच्या साधारण एक तृतीयांश वेगाने फिरतो, म्हणूनच तो ८१ इंच व्यासाचा करता आला. जुन्या ए३२०वरच्या सीएफएम५६-५बी इंजिनाचा फॅन ६८ इंचांच्या आसपास होता. इंधनाची बचत आणि कमी आवाज, दोन्हींत याचा मोठा वाटा आहे.

आणि तो भुंकल्यासारखा आवाज कसा राहिला लेखात? जुन्या ए३२०त येतो तसाच निओतही येतो. मागे एकदा विमान धावपट्टीकडे निघताना पायाखालून ‘खर्र-खर्र’ सुरू झालं आणि शेजारच्या आजींनी घाबरून माझं मनगटच धरलं. विमानाचे भाग द्रवाच्या दाबाने हलवणाऱ्या दोन हायड्रॉलिक यंत्रणांच्या दाबात फरक पडला की एकीच्या जोरावर दुसरीचा दाब वाढवणारं युनिट चालू होतं, त्याचा तो आवाज. बिघाड नाही. एवढं सांगितल्यावर आजींनी हात सोडला. प्रवाशांसाठी लिहिलेल्या लेखात या दोन ओळी हव्याच होत्या.