यंदा गोठा करायचाय? बसा हो, घाई काय आहे

डिसेंबर लागला की आमच्या वसईत आळीतल्या लोकांना काहीतरी होतं. समोर भिंतीला शिडी लागलेली, शेजारची पोरं नाताळच्या चांदणीच्या कंदिलासाठी बांबू तासत बसलेली, आणि तुम्ही आपले गॅलरीत चहाचा कप घेऊन उभे, तेवढ्यात तुमच्याही मनात पाप येतं की आपणपण गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, नाहीतर निदान काहीतरी करायला पाहिजे. करू नका. निदान आज तरी नको. आमच्या घरात या विषयावर वीस-पंचवीस वर्षांची साधना झालीय, ती फुकट देतो, घ्या.

सगळी मेख एका शब्दात आहे. जे काम राहून गेलं त्याला "आळस" म्हणायचं नाही, "आमच्याकडे असंच असतं" म्हणायचं. सलग तीन वर्षं म्हणालात की झाली परंपरा, मग सासूबाईपण तक्रार करत नाहीत, उलट सूनबाईलाच बजावतात की हे बदलू नको हं.

आता चांदणी घ्या. आमची गेल्या नाताळला लावली ती लावलीच. खालच्या काकूंचा दिवाळीचा कंदीलपण अजून तिथेच आहे, दोघांचा न बोलता ठरलेला करार, तुम्ही काढलात की आम्ही काढू. पावसाळ्यात चांदणीचा कागद गेला, नुसत्या काड्या राहिल्या, तर विचारणाऱ्याला सांगायचं की यंदा मिनिमल ठेवलंय. जानेवारीत कुणी टोकलं तर ठणकावून सांगा, २ फेब्रुवारीपर्यंत सजावट ठेवायची जुनी चाल आहे, आणि हे खरंच आहे, पाहिजे तर फादरना विचारा. मार्चमध्ये विचारलं तर पुढच्या वर्षीची तयारी सगळ्यांच्या आधी सुरू केलीय म्हणा.

लाइटच्या माळेचं टेन्शन घेऊ नका. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या एका भागीदाराने पहिल्यांदा झाडाला विजेचे दिवे लावले, ८० होते म्हणे, लाल पांढरे निळे, आणि ते बघायला एक पेपरवाला आला होता. आमच्याकडे मुंबईच्या लोहार चाळीतून आणलेली शंभराची माळ आहे, त्यातले चाळीस लागतात. म्हणजे निम्मा एडिसन. पुरे की. तिचा गुंता सोडवत बसायचं नाही, गोळाच्या गोळा झाडावर ठेवून द्यायचा, लांबून पक्ष्याच्या घरट्यासारखा दिसतो.

नाताळआधीच्या आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या, एक गुलाबी. आमच्याकडे लोडशेडिंगची एक पांढरी आहे, तीच चार रविवार लावतो.

खरी परीक्षा गोठ्याची. तिथे शेतासाठी वाटीत नाचणी पेरायची असते, आठ-दहा दिवस आधी, रोज पाणी शिंपडायचं, मग तो हिरवागार कोवळा गालिचा येतो ना, बघत राहावं असा. आम्हाला दरवर्षी ते २३ तारखेला आठवतं. मग काय, फ्रीजमध्ये मोड आलेली मटकी असतेच. पसरली गोठ्यासमोर, लावली चार मेंढरं चरायला. २६ला तिचीच मिसळ, मेंढरं बाजूला काढून (एकदा एक राहिलं होतं, काकांच्या प्लेटमध्ये निघालं, त्यांनी काही न बोलता धुऊन परत दिलं).

मूर्ती फुटल्यात म्हणून नवा सेट आणायला धावू नका. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात जो देखावा केला त्यात मूर्ती नव्हत्याच, गवत आणि जिवंत बैल आणि जिवंत गाढव. आमचं गाढव सात वर्षांपूर्वी फुटलं, पण आई म्हणते घरात आहे एक, बाहेरून आणायची गरज नाही, आणि असं म्हणताना माझ्याकडेच का बघते कळत नाही. बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांमधले दोनच उरलेत. तिसरा कुठेय असं पोरं विचारतात, आम्ही सांगतो घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये अडकलाय, आणि वसईच्या पोराला हे लगेच पटतं. कुणी धर्मशिक्षणवाला फारच मागे लागला तर त्याला बायबलमधलं मत्तयचं शुभवर्तमान उघडायला लावा, ते किती जण आले होते हे तिथे लिहिलेलंच नाही. शिवाय त्यांचा सण ६ जानेवारीला, २४ तारखेलाच येऊन उभे राहणारे राजे जरा आगाऊच म्हणायचे.

आणि तो कापूस. अंगाला बनियन चिकटलेलं, डोक्यावर पंखा फुल स्पीडला, आणि आपण झाडावर कापसाचा बर्फ चिकटवतोय जो पंखा लगेच उडवून सोफ्यावर नेतोय. हे आम्ही कधीच बंद केलं. बर्फ हवा असेल त्याने कॅनडाला जावं, आमची मावसबहीण तिकडेच असते, पण ती व्हिडिओ कॉलवर विचारते की मटकी मांडली का.

कुसवारचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, मात्र मी काही शिकवू शकत नाही. कलकल करायला आई सगळ्यांना जमिनीवर बसवते, हातात एकेक काटा देते आणि पिठाच्या गोळ्या संपेपर्यंत कुणाला उठू देत नाही, तिथे परंपरा-बिरंपरा काही चालत नाही, मी दोनदा करून बघितलंय. एवढंच सांगतो की दिवाळीला फराळाचे आलेले डबे रिकामे परत करायचे नसतात, म्हणून ते डिसेंबरपर्यंत आपल्याकडेच राहू द्या, घरातले डबे शोधायचे कष्ट वाचतात.

शेवटी बाळ येशू. तो २४च्या रात्रीच ठेवायचा, म्हणून आई त्याला वर्षभर "जपून" ठेवते. कुठे ते तिलाही माहीत नसतं. म्हणजे आमची खरी परंपरा अशी की रात्री साडेअकराला नवे कपडे घालून, मोबाइलचा टॉर्च लावून सगळं घर पलंगाखाली. गेल्या वर्षी चर्चमध्ये मिस्साची, म्हणजे प्रार्थनेची, घंटा झाली तेव्हा तो कलकलच्या मैद्याच्या डब्यात मिळाला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. आजीने त्याला उचललं, चष्मा वर करून बघितलं आणि गोठ्यात ठेवत म्हणाली, "झटकू नका रे, कापसापेक्षा हा बरा बर्फ."