ॲडमिन म्हणजे काय गावचा पाटील?

आमच्या अमळनेरकडच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून गेल्या आठवड्यात एकाला काढलं. गुन्हा काय, तर नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय त्याचं काय, असं विचारलं. ॲडमिन म्हणे इथे राजकारण नको. आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर रोज पडतात ते काय, भजन? मग दोन दिवस नुसती भांडणं, अर्धे म्हणतात त्याचा ग्रुप तो ठरवेल, अर्धे म्हणतात काही झालं तर पोलीस ॲडमिनलाच उचलतात म्हणून घाबरतो बिचारा. अरे भो, २०२१ लाच नागपूर खंडपीठाने सांगितलंय, मेंबरने काही टाकलं म्हणून नुसत्या ॲडमिनला धरता येत नाही (संगनमत असेल तर वेगळं). पण वाचतो कोण.

इथे जर्मनीत, स्टुटगार्टला, कबुतरं पाळणाऱ्यांचं फेराइन (म्हणजे मंडळ) नोंदवायचं तरी सात डोकी लागतात आणि कशासाठी ते आधी कागदावर लिहावं लागतं. कोणाला ठेवायचं, काय चालवून घ्यायचं, भांडण त्या कागदाशी. २०२४ पासून तर युरोपात ॲपवाल्यांनाही पोस्ट उडवली की कारण सांगावं लागतं. आपल्याकडे गणपतीचा डीपी लावला की घटना तयार.

म्हणून मी रात्री बसून नऊ नियम लिहिले. ग्रुप पाणी, लाईट, कापसाचा भाव आणि मयतीची खबर यासाठी, काढायच्या आधी एकदा समज, काढलं तर कारण सगळ्यांसमोर. शंभरावर लोकांनी बघितलं, अंगठे दोन. एक काका तेवढे बोलले, "भाऊ, नियम ऱ्हाऊ दे, तू गावले कव्हय यी ऱ्हायना ते सांग."

राग आला, खोटं कशाला बोलू.

आमच्या इथल्या बिल्डिंगच्या ग्रुपला नियम एकदम चोख आहेत. महिन्यात तीन मेसेज येतात, पार्सल, केअरवोखे (जिना झाडायची पाळी), तळघरातला दिवा. कोणाला काढायची वेळच येत नाही, बोलतंच कोण. आणि आबा गेले ती खबर मला भावाच्या फोनच्या आधी गावच्या ग्रुपवर दिसली, वर गुड मॉर्निंगचा गुलाब, खाली कोणाची तरी म्हैस विकायची. नियमाने बघितलं तर मधली एकच पोस्ट राहिली असती. स्मशानातून मला व्हिडिओ कॉल लावणारा पोरगा म्हणजे आता काढलेला तोच. त्याच्यासाठीच हे सगळं लिहितोय असं नाही. थोडं असेलही.

काकांना 'अखाजीला येतो' असं टाकलं, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. गेल्या वर्षीही हेच टाकलं होतं. पहिला अंगठा ॲडमिनचाच आला.